नकाशाआधी गाव वाचणारे शिक्षण

व्यापारी कुटुंबाच्या हिशेबात मालाखालोखाल सर्वांत मोठी रक्कम बांधकामावर खर्च होते. दुकान, वखार, जिनिंग-प्रेसिंगचे आवार, राहते घर आणि त्यावर चढणारी माडी ही झाली खासगी कामे. स्थानक, मंदिर, धर्मशाळा, पांजरपोळ, मंगल कार्यालय ही झाली समाजाची. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर, शेगाव, नांदुरा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या गावांच्या पेठांमधील किती वास्तू सरकारी आहेत आणि किती व्यापाऱ्यांच्या पैशातून उभ्या राहिल्या, हे पेठेतून एक फेरी मारली तरी ध्यानात येते. गाव कसे दिसावे, त्यात वारा कसा वाहावा, पावसाचे पाणी कोठे जावे, हे सर्व या कुटुंबांच्या निर्णयांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरत आले आहे.

असे असूनही घरातील मुलाने वा मुलीने आर्किटेक्चर शिकण्याची इच्छा व्यक्त केली, की बहुतेक घरांत क्षणभर शांतता पसरते. सी.ए. व्हावे, व्यवस्थापनाची पदवी घ्यावी, निदान अभियंता व्हावे; हे पाच वर्षांचे चित्रकाम कशासाठी? काही घरांत तर वास्तुकला म्हणजे दिशा सांगणारे वास्तुशास्त्र असाच समज असतो. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण पाच वर्षे आणि मोठी रक्कम पणाला लागलेली असते. या शिक्षणात नेमके काय शिकवले जाते आणि त्याचा खामगाव-चिखलीसारख्या गावाला काय उपयोग, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही.

एका व्यापाऱ्याने उभी केलेली शाळा

वास्तुकला आणि समाजविकास यांची सांगड घालणाऱ्या भारतातील शिक्षणसंस्थांचा विचार करताना अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचे नाव प्रथम येते. शहराच्या मध्यावर वसलेले, वास्तुकला, नियोजन आणि बांधकाम याच विषयांना वाहिलेले हे लहानसे विद्यापीठ. १९६२ साली ते केवळ ‘स्कूल ऑफ आर्किटेक्चर’ होते. १९७२ मध्ये नियोजनाची शाळा त्याला जोडली गेली आणि २००५ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या शाळेच्या जन्मकथेत जैन व्यापारी कुटुंबांनी लक्षात ठेवावे असे एक नाव आहे : शेठ कस्तुरभाई लालभाई. कापडगिरण्यांचे मालक, आणंदजी कल्याणजी पेढीचे दीर्घकाळ प्रमुख आणि राणकपूर व देलवाडा येथील मंदिरांच्या जीर्णोद्धाराची देखरेख करणारे गृहस्थ. अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी १९३५ साली स्थापन झाली, तीत कस्तुरभाई होते आणि त्यांच्यासोबत गणेश वासुदेव मावळंकर हे मराठी गृहस्थही होते, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. याच सोसायटीच्या आश्रयाने वास्तुकलेची शाळा निघाली. जुन्या मंदिराचा एकेक दगड कसा बसवला आहे, हे जाणून घेतल्याखेरीज त्याला हात लावू नये, ही जीर्णोद्धाराची शिस्त कस्तुरभाईंना ठाऊक होती. नव्या काळातील बांधकामालाही अशीच शिस्त हवी आणि ती शिकवणारी संस्था हवी, हे त्यांना पटले असल्यास नवल नाही.

शाळेचे पहिले संचालक बाळकृष्ण दोशी हे मूळचे पुण्याचे. त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ रोजी पुण्यात एकत्र कुटुंबात झाला. आजोबांचा फर्निचरचा व्यवसाय होता. लाकडाचा वास आणि सुताराचे हात यांच्या सान्निध्यात ते वाढले. कुटुंब वाढे तसतसे घरही वाढत जाई, ही आठवण ते पुढे अनेकदा सांगत. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए या जगद्विख्यात वास्तुकाराच्या हाताखाली काम केले आणि अहमदाबादेत स्थायिक झाले. २०१८ साली वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार त्यांना मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. २४ जानेवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

अहमदाबादेत कस्तुरभाईंनी उभारलेल्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिराची इमारतही दोशींचीच. मुनिश्री पुण्यविजयजींनी जपलेली जैन हस्तलिखिते तेथे ठेवायची होती. दोशींनी नकाशा काढण्याआधी उपाश्रयांची रचना पाहिली. उंच जोते, भोवतीची ओसरी, झिरपत येणारा उजेड हे सारे तेथूनच नव्या इमारतीत आले. हस्तलिखितांसाठी अर्धे जमिनीखाली असलेले थंड दालन केले. आधी पाहावे, विचारावे, मोजावे आणि मग कागदावर रेघ ओढावी, हा धडा पुढे या शाळेच्या शिक्षणाचा कणा झाला. गावी जाऊन घरांची मोजमापे घेणे आणि तेथील लोकांशी बोलणे हे येथील विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग बनले.

इंदूरचा धडा

बुलढाण्याच्या व्यापाऱ्याला इंदूर परके नाही. मलकापूरहून बुऱ्हाणपूरमार्गे तिकडे जाणारा रस्ता जुना आहे. या इंदुरात १९८०च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने ‘अरण्य’ नावाची वसाहत दोशींच्या संस्थेकडे सोपवली. सुमारे ६,५०० भूखंड आणि बहुतांश अल्प उत्पन्नाची कुटुंबे. नेहमीचा मार्ग म्हणजे चार मजली इमारतींच्या रांगा उभ्या करणे. दोशींच्या सहकाऱ्यांनी आणि कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्याआधी इंदूरच्या झोपडवस्त्यांत जाऊन लोक कसे राहतात, याची नोंद केली. ओट्यावर बाई काय काम करते, झाडाखाली कोणते दुकान लागते, मुले कोठे खेळतात, सायकल कोठे उभी राहते, एवढ्या बारकाईने ती नोंद होती.

त्यातून निघालेली योजना व्यापाऱ्याला सहज समजेल अशी होती. गरीब कुटुंबाला पूर्ण घर द्यायचे नाही. जोते, शौचालय-न्हाणी आणि जमल्यास एक खोली द्यायची. पुढचे घर ते कुटुंब आपल्या कमाईप्रमाणे वाढवील. मोठ्या रस्त्यालगतचे मोठे भूखंड सधन ग्राहकांना चढ्या दराने विकायचे आणि त्या नफ्यातून लहान भूखंडांचा भार हलका करायचा. पुण्याच्या घरात कुटुंबाबरोबर घर वाढताना पाहिलेल्या दोशींना ही कल्पना परकी नव्हती. १९९५ मध्ये या वसाहतीला वास्तुकलेसाठीचा आगाखान पुरस्कार मिळाला. भांडवल एकदम न गुंतवता धंद्याच्या चालीने वाढवत नेणे हे पेठेतील प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते. अरण्यमध्ये तेच तत्त्व घराला लावले गेले.

याच शाळेची एक वाट पुढे महाराष्ट्रात आली. सेप्टच्या नियोजनशाळेच्या उभारणीत सहभागी असलेले ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी अनिता गोखले-बेनिंजर यांच्यासह १९७६ मध्ये पुण्यात ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज अँड अ‍ॅक्टिव्हिटीज’ ही संस्था सुरू केली. नगररचनेबरोबर गावांचा, पाण्याचा आणि जमिनीचा अभ्यास तेथे झाला. वास्तुकार आणि ग्रामविकास यांचा संबंध असतो, हे मराठी मुलुखाला कृतीतून दाखवणाऱ्या संस्थांपैकी ती एक.

किल्लारीने शिकवलेले

जुने ते सगळे चांगले, असा मात्र याचा अर्थ नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे ८ हजार माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य आपल्याच घरांखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीच्या थरांचे जड धाबे. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर एका क्षणात जीवघेणे ठरले. भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे जोडदगड आणि भिंतीवर फिरवलेला सिमेंटचा आडवा पट्टा असता, तर त्यांतील कितीतरी घरे तगली असती. बुलढाणा जिल्ह्यातही जुनी धाब्याची घरे आजही उभी आहेत, म्हणून ही गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे.

त्या आपत्तीत भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, हे समाजातील जुन्या पिढीला आठवत असेल. त्याच वेळी ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरे मजबूत झाली. पण अनेक ठिकाणी रस्ते शहरासारखे रुंद आणि सरळ, घरे एकमेकांपासून लांब, जनावरे बांधायला आणि कडबा ठेवायला जागा नाही. भावकीची घरे विखुरली. काही वर्षांतच लोकांनी घराला लागून पत्र्याची छपरी उभारली. जुन्या गावात दगडांचे जोडकाम चुकले होते आणि नव्या गावात माणसांचे. हे दोन्ही एकत्र शिकवणाऱ्या शिक्षणाची गरज किल्लारीने जितक्या कठोरपणे दाखवली, तितकी दुसऱ्या कशानेही नाही.

बुलढाण्याची पाठशाळा

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला बुलढाणा जिल्हा म्हणजे उघडे पुस्तक आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. घाटाखालच्या उन्हाळ्यात जे घर तग धरते, त्याचा आराखडा घाटावरच्या घराहून वेगळा असायला हवा. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. मधला चौक, पुढची ओसरी, जाड भिंती, उंच आणि अरुंद खिडक्या, तळघरातील वखार ही सगळी उष्णतेची आणि मालाची गणिते होती.

खामगावला १८७० मध्ये रेल्वेची शाखा आली आणि कापसाच्या व्यापाराने गावाचा नकाशाच बदलला. जिनिंगची आवारे, गठाणींच्या वखारी, गाड्या उभ्या करायची मोकळी जागा, पेढ्या आणि त्यांच्या माड्या यांची रचना मालाच्या वाटचालीने ठरली. कापूस कोठून येतो, कोठे तोलला जातो, कोठे साठतो आणि पैसा कोठे मोजला जातो, यावरून गाव वाचता येते. हा वाचनपाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही; पेठेत वाढलेल्या मुलाला मात्र तो अर्धा पाठच असतो.

सिंदखेडराजा येथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ जन्मल्या, तो लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जवळचे रंगमहाल आणि मोती तलाव, नीलकंठेश्वर व रामेश्वर ही मंदिरे म्हणजे वस्ती आणि पाणी यांचा एकत्र विचार कसा होत असे, याचा वस्तुपाठ. लोणारचे उल्कापाती सरोवर २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत आले. तेथील दैत्यसूदन मंदिर केंद्रीय संरक्षित वास्तू आहे. अशा वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मग वारसा जपायचा आणि तेथे राहणाऱ्यांची घरे-दुकानेही चालली पाहिजेत, हा पेच सोडवणारा माणूस कोण? या कामाला कायदा, दगड आणि माणूस तिन्ही जाणणारा वास्तुकार लागतो.

समाजविकासाचेही उदाहरण जिल्ह्यातच आहे. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने राज्य शासनाच्या सहकार्याने येथे ‘सुजलाम् सुफलाम्’ अभियान हाती घेतले. शंभराहून अधिक जेसीबी आणि पोकलेन यंत्रे संघटनेने दिली, इंधनाचा खर्च शासनाने उचलला आणि तलावातून निघालेला गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने शेतात नेला. महामार्गाच्या कामासाठी लागणारी माती व मुरूम तलाव-नाले खोल करून घेण्याचा उपक्रमही याच जिल्ह्याच्या नावाने ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. या कामात कोणालाही सर्व काही फुकट मिळाले नाही. प्रत्येकाने आपला वाटा उचलला, म्हणून काम उभे राहिले. अरण्यमध्ये घराबाबत जे घडले, तेच येथे पाण्याबाबत घडले.

यापुढचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. त्याच्या फाट्यांभोवती गोदामे, हॉटेले, वसाहती उभ्या राहू लागल्या आहेत आणि त्यांत जिल्ह्यातील व्यापाऱ्यांचे भांडवल आहे. काचेचे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे दर्शनी भाग कोणत्याही गावात सारखेच दिसतात. उन्हाळ्यात ते तापतात आणि विजेचे बिल दरमहा येत राहते. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, वास्तू वापरण्याचा खर्च मात्र चाळीस वर्षे चालतो. व्यवहारी माणसाने दोन्ही खर्च एकाच वहीत मांडले पाहिजेत.

प्रवेश, खर्च आणि निर्णय

बी.आर्च. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानुसार ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’कडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच आर्किटेक्ट ही उपाधी लावता येते, म्हणून महाविद्यालय परिषदेच्या मान्यतेचे आहे ना, हे सर्वप्रथम पाहावे. प्रवेशासाठी ‘नाटा’ ही अभिक्षमता चाचणी किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर द्यावा लागतो. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे. व्यापारी घरांत मुले बहुधा दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळतात आणि दोन वर्षांनी इच्छा झाली तरी दार बंद असते. म्हणून या मार्गाचा विचार अकरावीच्या प्रवेशाआधीच व्हावा. वाणिज्य शाखेत राहून गणित घेतलेल्यास चार वर्षांच्या बी.प्लॅन. अर्थात नियोजनाच्या पदवीचा मार्ग मोकळा राहतो. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहणे इष्ट.

संस्था दूर आहेत असे नाही. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेत वास्तुकलेचा जुना विभाग आहे. भोपाळमध्ये २००८ पासून नियोजन व वास्तुकलेची केंद्रीय संस्था आहे. मुंबईच्या सर ज. जी. संस्थांना २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बुलढाणा जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या आणि पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या त्या पुरुषाचे नाव वास्तू आणि समाज यांचे नाते सांगायला पुरेसे आहे.

खर्चाबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. मात्र व्याज त्याआधीपासून साचत असते, ते शिकत असतानाच भरत गेल्यास पुढचा हप्ता हलका होतो. जुन्या करप्रणालीत आयकर कायद्याखाली या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. उत्पन्नाविषयीही भ्रम नसावा. पहिली काही वर्षे नव्या वास्तुकाराची कमाई बेताची असते. सी.ए.च्या पहिल्या पगाराशी तिची तुलना केल्यास निराशाच पदरी पडेल. परंतु जिल्ह्याच्या पेठेत ओळख, विश्वास आणि भांडवल असलेल्या घरातील वास्तुकाराला काम शोधत मुंबई-पुण्यात थांबावे लागतेच असे नाही. आडतीची पेढी एका हंगामात नाव कमावत नाही. या व्यवसायालाही तितकाच धीर हवा.

ज्या घरातून कोणी वास्तुकार होणार नाही, त्या घरालाही हे शिक्षण उपयोगी पडू शकते. नवे स्थानक, धर्मशाळा वा मंगल कार्यालय बांधताना विश्वस्तांनी सर्वांत स्वस्त नकाशा न मागता वास्तुकाराला काही दिवस गावात राहून जागा पाहू द्यावी. जुनी माडी पाडण्याआधी जवळच्या वास्तुकला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना तिची मोजमापे घेऊ द्यावीत. त्यासाठी दोन दिवसांच्या राहण्या-जेवणाची सोय एवढाच खर्च येतो. समाजाच्या शिष्यवृत्तींत अभियांत्रिकी व वैद्यकीय शाखांबरोबर वास्तुकला आणि नियोजन यांचाही समावेश करावा आणि त्या विद्यार्थ्याने अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आपल्याच जिल्ह्यातील एखादी पेठ, तलाव किंवा वस्ती निवडावी, एवढी अपेक्षा ठेवावी. असा प्रकल्प एखाद्या नगरपरिषदेच्या वा विश्वस्त मंडळाच्या टेबलावर पोहोचला, तर शिष्यवृत्तीची रक्कम गावाच्या खात्यात जमा झाली असे समजावे.